शेवटचे दिवस घरी: ‘आता सेवा करा’ म्हटल्यावर नेमकं काय करायचं

“आता घरी न्या आणि सेवा करा.” माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, फाइलवर सही करता करता डॉक्टर एवढंच म्हणाले. फुप्फुसाचा कर्करोग मणक्यात उतरला होता आणि केमो पेलायची ताकद उरली नव्हती. डिस्चार्ज कार्डावर चार गोळ्यांची नावं आणि खाली ‘गरज पडल्यास दाखवणे’. सेवा म्हणजे काय, ती कशी करतात, रात्री दोनला माणूस कळवळायला लागला तर फोन कुणाला करायचा, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. साताऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही त्यांना आणलं. पहिले नऊ दिवस त्यांचे फार हाल झाले. पुढचे सात आठवडे मात्र ते स्वतःच्या खाटेवर, बऱ्यापैकी सुखात होते. मधे दोन गोष्टी घडल्या: मॉर्फिन मिळालं, आणि घराला वळण लागलं.

अण्णा गेल्यावर मी आमच्या भागात अशा रुग्णांच्या घरी जाणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काम करू लागले. घरोघरी तीच धांदल दिसते, म्हणून हे क्रमानं लिहितेय. औषध कोणतं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. बाकीची कामं मात्र कुणीही धट्टाकट्टा, धीराचा माणूस शिकू शकतो. एक गोष्ट आधीच सांगते: रात्री दोनच्या प्रसंगाची तयारी दुपारी दोनला करून ठेवावी लागते. जी घरं ती करतात त्यांना घाबरून दवाखान्यात धावावं लागत नाही.

पहिलं काम: दुखणं थांबवा

खाट, गादी, सेवेला ठेवायच्या मावशी, सगळं नंतर. ज्या माणसाचं अंग ठणकतंय त्याची कूस बदलता येत नाही, त्याला अंघोळ घालता येत नाही, तो जेवत नाही, झोपत नाही आणि घरालाही झोपू देत नाही.

आपल्याकडे ‘पॅलिएटिव्ह केअर’ नावाची स्वतंत्र वैद्यकीय शाखा आहे. आजार बरा होणार नसला तरी वेदना, धाप, उलटी, जखमा, मनाची घालमेल यांवर उपचार करायचे, हे तिचं काम. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हा विभाग आहे, पुण्यात वारजे इथं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालू आहे, आणि सरकारी कार्यक्रमातून राज्यातल्या अनेक जिल्हा रुग्णालयांतही ही सोय पोचली आहे. जिल्हा रुग्णालयात ‘पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात’ असं नेमकं विचारा. नुसतं ‘कॅन्सरसाठी काही आहे का’ विचारलं की खिडकीवरचा माणूस तुम्हाला पुन्हा कर्करोग विभागाच्या रांगेत पाठवतो. गावात आशाताईंना विचारा, त्यांना वाट माहीत असते.

तीव्र वेदनेवरचं मुख्य औषध म्हणजे मॉर्फिनची गोळी. ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणं आणि देणं सोपं झालं, पण मिळते अशाच संस्थांमधून. आम्ही नऊ दिवस वाया घालवले ते इथंच. एका औषधवाल्यानं ‘असलं काही आम्ही ठेवत नाही, ते नशेचं असतं’ असं सांगितलं, आणि आम्ही ते खरं मानलं.

तेव्हा नीट समजून घ्या. वेदनेसाठी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिननं माणूस व्यसनी होत नाही, आणि त्यानं मरण लवकर येत नाही. ही ‘शेवटची गोळी’ नव्हे. काही जण महिनोन्‌महिने ती घेऊन हिंडतात-फिरतात. साधी गोळी सुमारे चार तास टिकते, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची असते: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १०ला बहुतेक डॉक्टर दुप्पट देतात म्हणजे पहाटे उठावं लागत नाही. ‘दुखलं की देऊ’ हा हिशेब चुकीचा. दुखणं एकदा डोक्यावर बसलं की उतरवायला जास्त औषध लागतं. दोन वेळांच्या मधे कळ आली तर जादा किती द्यायचं, हे आकडा घालून लिहून घ्या.

सुरुवातीचे तीन-चार दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती सरते. बद्धकोष्ठ मात्र सरत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध चालू हवं. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. आणि घरचा उपाय म्हणून इसबगोल देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात त्याचा गोळाच बसतो. मूत्रपिंड अधू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, कारण मग मॉर्फिन अंगात साठतं. हलवूनही जाग येत नाही आणि श्वास फारच मंद झालाय असं वाटलं तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करा.

एक साधी वही करा. वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, संडास झाली की नाही. अण्णा आकडे सांगायचे नाहीत. ते म्हणायचे, ‘आज दोन आणे दुखतंय’. बारा आण्यांच्या वर गेलं की आम्ही डॉक्टरांना फोन करायचो. तुमच्या माणसाच्या भाषेत लिहा, डॉक्टरांना ते कळतं.

मग घर लावा

आतली अंधारी खोली ‘शांत असते’ म्हणून देऊ नका. ज्याला आयुष्यभर घरातल्या मधोमध बसायची सवय, त्याला कोपऱ्यात टाकलं की तो आधी मनानं जातो. खिडकी असलेली, संडासाजवळची जागा बघा. आमच्याकडे ती बाहेरची खोली होती. दारातून कोण आलं गेलं ते अण्णांना दिसायचं आणि भाजीवाल्याशी घासाघीसही तेच करायचे.

साहित्य विकत घेण्याआधी चौकशी करा. महाराष्ट्रात गावोगावी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, सामाजिक संस्था ‘रुग्णोपयोगी साहित्य केंद्र’ चालवतात. फाउलर बेड (डोक्याकडून, पायाकडून वर उचलता येणारी दवाखान्यातली खाट), एअर बेड (पंपानं हवा भरायची कप्प्यांची गादी), व्हीलचेअर, कमोड खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अनामत रक्कम ठेवून, नाममात्र भाड्यानं मिळतात. फाउलर बेड नसेल तर घरची खाट चालते. पायांखाली विटा देऊन ती तुमच्या कमरेइतकी उंच करा, नाहीतर पंधरा दिवसांत तुमचीच पाठ जाईल. एअर बेड गादीवर अंथरायचा आणि त्यावर एकच पातळ चादर. माया म्हणून लोक वर दुपदरी गोधडी घालतात, आणि मग हवेच्या कप्प्यांचा फायदाच राहत नाही. पंप चोवीस तास चालू ठेवायचा. वीज जाणाऱ्या गावात, गेली की तासाभरात कूस बदलायची हे ठरवून ठेवा.

आणि एक घंटा. देवघरातली छोटी घंटा हाताशी ठेवली की माणसाला ओरडावं लागत नाही. त्याला आवाज उरलेला नसतो आणि हाका मारायची लाजही वाटते.

रोजचं काम: कूस, अंग, तोंड

पाठीला झालेली जखम भरून यायला महिने लागतात, आणि या माणसाकडे महिने नसतात. म्हणून ती होऊच द्यायची नाही. दर दोन तासांनी कूस: डावी, पाठ, उजवी. पूर्ण कुशीवर वळवायची गरज नाही. पाठीमागे उशी लावून थोडं कलतं केलं तरी माकडहाडावरचा भार सुटतो. गुडघ्यांच्या मधे एक उशी, आणि पोटरीखाली अशी एक की टाचा अधांतरी राहतील. बुडाखाली गोल रिंग देऊ नका. तिनं मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. हाडावरची कातडी लाल दिसली आणि बोटानं दाबून सोडल्यावरही लालच राहिली तर जखमेची सुरुवात आहे. तिथं तेल चोळायचं नाही, मालीश करायची नाही, फक्त भार काढायचा.

उचलायचं कसं, हे मला एका नर्सताईंनी आजीच्या जुन्या नऊवारीवर शिकवलं. सुती लुगडं चौपदरी घडी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली सरकवायचं. दोघांनी दोन बाजूंनी कडा अंगालगत गुंडाळून मुठीत धरायच्या, ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम उचलून वर सरकवायचं. ओढायचं नाही, कारण ओढलं की कातडी सोलते. काखेत हात घालून तर कधीच उचलू नका. मणक्यात आजार असला तर हाड मोडू शकतं. आजीचं ते हिरवं, खणाच्या काठाचं लुगडं वर्षानुवर्षं ट्रंकेत पडलं होतं. त्यावर अण्णांना सरकवताना ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “आईच्या पदरात आलो पुन्हा.”

अंघोळ म्हणजे कोमट पाण्यानं अंग पुसणं. एका वेळी एकच अवयव उघडा, पुसा, टिपा, झाका. काखा, जांघा, स्तनांखालच्या घड्या पूर्ण कोरड्या करा. लाजेचा मुद्दा हलका समजू नका. अण्णा माझ्याकडून पाय पुसून घ्यायचे, पण कमरेखाली हात लावू द्यायचे नाहीत. ते काम दादानं केलं, दादा कामावर असेल त्या दिवशी शेजारच्या काकांनी. आजारी माणसाला आधी विचारा, ‘हे कुणी केलेलं चालेल?’ लेकीचा, सुनेचा, मुलाचा हात कुठं चालतो आणि कुठं नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं.

तोंडाची निगा सगळ्यात जास्त राहून जाते. ओठ फुटतात, जीभ सुकून लाकडासारखी होते, वास येतो, आणि मग घरचे म्हणतात ‘जेवतच नाहीत’. तोंड दुखत असताना कोण जेवेल? पेलाभर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून दिवसातून चार वेळा चूळ. चूळ जमत नसेल तर बोटाला मऊ सुती कापड गुंडाळून त्यात बुडवून हिरड्या, जीभ, गाल पुसून घ्या. ओठांना तूप किंवा व्हॅसलिन. जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर तो बुरशीचा संसर्ग. डॉक्टर साधं औषध देतात आणि दोन-तीन दिवसांत घास जायला लागतो.

लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर हात धुवा. नळी किती दिवसांनी बदलायची, ते ती घालणाऱ्याला विचारून वहीत लिहा.

उघड्या, वास मारणाऱ्या जखमेबद्दल, विशेषतः तोंडाच्या आणि स्तनाच्या कर्करोगात, लोक बोलायलाही शरमतात. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची बारीक पूड जखमेवर घालून ड्रेसिंग केलं की वास खूपच उतरतो. पॅलिएटिव्ह केअरच्या नर्स हे सर्रास करतात, त्यांच्याकडून शिकून घ्या. माश्या बसू देऊ नका, मच्छरदाणी लावा. अशा घरांत मी पाहिलंय, वास गेला की नातवंडं पुन्हा खाटेजवळ यायला लागतात.

खाणं: इथं आपल्या मायेला आवरावं लागतं

‘दोन घास खा, ताकद येईल.’ हे वाक्य मी अण्णांना दिवसातून वीस वेळा म्हणत असे, आणि ते माझ्यासाठी घास तोंडात घेऊन मग हळूच टॉवेलात काढत असत. टॉवेल धुवायला घेतला तेव्हा मला ते कळलं.

असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यात शरीर अन्न वापरू शकत नाही. खात नाहीत म्हणून माणूस जात नाही. आजार शरीराला नेतोय म्हणून भूक जाते. जे आवडेल ते, जेव्हा मागतील तेव्हा, चमच्या-चमच्यानं. तांदळाची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, नाचणीची आंबील, ताक, आमसुलाचं सार, आइस्क्रीम. अण्णांना शेवटी शेवटी फक्त सोलकढी लागायची, गार करून, तीन चमचे. पथ्य आता सोडा. मधुमेह असेल तर साखरेचं डॉक्टरांना विचारा, पण या टप्प्यावर बहुधा तेही सैल सोडतात.

खाताना डोकं आणि छाती वर हवी, आणि नंतर अर्धा तास तशीच. गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थापेक्षा थोडा दाट सोपा जातो. नाकातून नळी असेल तर प्रत्येक वेळी आधी नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघायचं, गाळलेलं अन्न सावकाश सोडायचं आणि शेवटी थोडं पाणी. नळी नव्यानं घालायची का, हा प्रश्न मात्र डॉक्टरांशी नीट बोलून सोडवा. शेवटच्या दिवसांत ती बहुतेकदा त्रासच वाढवते. सलाइनचंही तेच. ‘निदान एक बाटली तरी लावा’ असा नातेवाइकांचा आग्रह असतो. मावळत्या शरीराला ते पाणी बाहेर टाकता येत नाही, ते पायांवर सूज आणि छातीत घरघर होऊन बसतं. तोंड ओलं ठेवलं तर तहानेचा त्रास बहुधा होत नाही.

रात्री दोनची पेटी

बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी करा आणि सगळ्यांना दाखवून ठेवा. तिच्यात जादा डोसाच्या गोळ्या, उलटीचं औषध, अस्वस्थपणावरचं औषध, हातमोजे, कापूस, टॉर्च आणि झाकणावर चिकटवलेला कागद: काय झालं तर काय द्यायचं, कुणाला फोन करायचा. औषधं तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलीच. गिळता येईनासं झालं तर औषध कसं द्यायचं तेही आत्ताच विचारा. कातडीखाली बारीक सुई बसवून ठेवतात, आणि तिच्यातून इंजेक्शन देणं नर्स घरच्यांना शिकवतात.

धाप लागली की: बसतं करा, पुढ्यात उशी देऊन तिच्यावर रेलू द्या, खिडकी उघडा, चेहऱ्यावर पंख्याचा झोत घ्या, माणसांची गर्दी हटवा आणि एकानं हात धरून शेजारी बसा. पंख्याची हवा गालांवर लागली की धाप खरंच कमी वाटते. धाप लागली की सगळे ऑक्सिजन शोधतात, पण रक्तातला प्राणवायू कमी नसेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मॉर्फिनच्या छोट्या मात्रेनं जास्त आराम पडतो. अण्णांना ऑक्सिजन आणि मॉर्फिन दोन्ही लागलं, पण त्यांची पसंती पंख्यालाच असायची.

रक्त येण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितला असेल तर मरून रंगाचे किंवा गडद निळे टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या चादरीवर थोडंसं रक्तही घराचा धीर घालवतं.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. मणक्यात आजार असलेल्या माणसाचे पाय एकाएकी लुळे पडू लागले, लघवी अडली, किंवा पडून हाड मोडलं, तर लगेच डॉक्टर. शेवटच्या टप्प्यातही यावर करण्यासारखं बरंच असतं.

सांगायचं का?

प्रत्येक घरात एकजण दारातच मला अडवतो: “ताई, त्यांना काही माहीत नाही हं, काही बोलू नका.” आणि खाटेपाशी गेलं की ते आजोबा हळूच म्हणतात, “घरच्यांना सांगू नका, पण मला कळलंय.” दोघं एकमेकांना सांभाळत असतात आणि दोघंही एकटे पडतात.

जबरदस्तीनं सत्य तोंडावर फेकू नका. विचारा. ‘तुम्हाला काय वाटतंय तब्येतीबद्दल?’ मग गप्प बसा, बराच वेळ गप्प बसा. जितकं विचारतील तितकंच सांगा, पण खोटं सांगू नका. अण्णांनी मला विचारलं होतं, “मी गणपतीपर्यंत आहे का?” मी म्हटलं, “सांगता येत नाही अण्णा. तुम्हाला काय काय करायचंय ते आत्ताच करू या.” त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: बँकेत आईचं नाव लावायचं, धाकट्या भावाशी पंधरा वर्षांचा अबोला मोडायचा, आणि वाईच्या घाटावर एकदा जायचं. पहिल्या दोन झाल्या. घाटाचा व्हिडिओ दादानं फोनवर काढून आणला.

भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवा, आम्ही पाच ते सहा ठेवली होती, आणि कुटुंबात एकच जण फोनवर खुशाली कळवेल असं करा. ‘अमक्या गावच्या वैद्याकडे न्या’ म्हणणाऱ्यांना दारातच नम्रपणे चहा द्या.

कागद

नॉमिनेशन, इच्छापत्र, पेन्शनचे कागद, हे माणूस शुद्धीवर असताना उरका. त्याहून नाजूक म्हणजे शेवटी काय नको ते. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपली वैद्यकीय इच्छा आधी लिहून ठेवायला मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन पुरे. व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको असं असेल तर ते लिहा आणि प्रत घरातल्या प्रत्येकाला द्या, विशेषतः दूरच्या शहरातून शेवटच्या दिवशी येऊन ‘अजून दवाखान्यात का नाही नेलं’ विचारणाऱ्या मुलाला.

फॅमिली डॉक्टरांना आत्ताच जाऊन भेटा आणि विचारा, ‘घरी गेले तर तुम्ही येऊन दाखला द्याल ना?’ घरी झालेल्या मृत्यूसाठी शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नमुना ४-अ मध्ये मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, तेही विनाशुल्क. आधी न पाहिलेला डॉक्टर ऐन वेळी सही करायला कचरतो आणि मग भलतीच धावपळ होते. म्हणून महिन्या-पंधरा दिवसांनी त्यांना घरी बोलवत राहा, निदान फाइल तरी दाखवत राहा.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार

हे काम एकटीचं नाही. बहुतेक घरांत ते एका बाईवर पडतं, लेक, सून किंवा बायको, आणि बाकीचे ‘तिला जमतं’ म्हणतात. एक तक्ता करून भिंतीवर लावा: रात्री कोण, औषधं कोण आणणार, वही कोण लिहिणार. रात्रीची पाळी सलग तीनपेक्षा जास्त एकाकडे नको. लांबच्या भावाला पैसे आणि फोनची कामं द्या.

ब्युरोतून, म्हणजे रुग्णसेवक पुरवणाऱ्या संस्थेतून, मावशी किंवा मामा घ्यायचे असतील तर बारा तास की चोवीस, जेवण कुणाचं, सुटी कधी, आणि काम कोणतं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. ओळखपत्राची प्रत घ्या, दागिने बँकेत ठेवा, आणि मग माणसावर विश्वास टाका. पहिले दोन दिवस शेजारी उभं राहून कूस बदलणं बघा. मॉर्फिन मात्र घरच्यांनी कुलपात ठेवून, मोजून द्यायचं.

मन फारच खचलं तर ‘टेलिमानस’ हा सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास.

घरी जमत नाही असंही होतं. वेदना आटोक्यात येत नाही, घरात दुसरं माणूसच नाही, जखम हाताळता येत नाही. मग हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना ठेवून घेऊन त्यांची काळजी घेणारं केंद्र. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, देशातलं हे पहिलं हॉस्पिस; गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. वारज्याच्या केंद्रात रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं आणि दुखणं आटोक्यात आणून, घरच्यांना शिकवून पुन्हा घरी पाठवतात. तिथं नेलं म्हणजे टाकून दिलं असं नाही. शिकण्याचे चार दिवस तिथं काढून आलेली घरं मी पाहिलीत, त्यांचे हात किती ठाम झालेले असतात.

शेवटचे दिवस कसे ओळखायचे

झोप वाढते. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते. माणूस हवेत काही पकडल्यासारखं करतो, गेलेल्या आईला, भावाला हाका मारतो. त्याला दुरुस्त करू नका. कधी एखाद्या दिवशी एकदम तरतरी येते, चहा मागतात, गप्पा मारतात. दिवा विझताना मोठा होतो म्हणतात ना, तसं. त्या दिवशी नवीन औषधांच्या मागे लागू नका, शेजारी बसा.

श्वास थांबत थांबत येतो, दहा-पंधरा सेकंदांची पोकळी, मग पुन्हा भराभर. घशात घरघर होते. ती ऐकवत नाही, पण बहुधा त्या माणसाला तिचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं वर घ्या, डॉक्टरांनी स्राव कमी करणारं औषध दिलं असेल तर द्या. घशात खोल नळी घालून ओढू नका.

गंगाजल, तुळशीपत्र, झमझमचं पाणी द्यायची इच्छा असते, ती जरूर पुरी करा, पण ओतू नका. बेशुद्ध माणसाला ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. कापसाचा बोळा भिजवून ओठांवर टेकवा. बोलत राहा, ऐकणं बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहतं.

या घटकेला कुणीतरी फोन हातात घेतोच. १०८ची माणसं आली की ती त्यांचं काम करणार, छाती दाबणार, दवाखान्यात नेणार. ते नको असं ठरलंय ना? मग पेटीवरच्या कागदावरचा नंबर लावा. आमच्या घरी पहाटे चार वाजता मी नर्सताईंना फोन केला. त्या फक्त म्हणाल्या, “मी फोनवर आहे. त्यांचा हात सोडू नका.” पावणेपाचला अण्णा गेले.

नंतर

घाई नाही. वेळ लिहून ठेवा, मग डॉक्टरांना बोलवा. नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं: लगेच नेत्रपेढीला फोन, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. रक्ताचा कर्करोग असेल तर चालत नाही; बाकी बहुतेक कर्करोगांत डोळे घेतात, पेढीवाले सांगतात. देहदान करायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयात आधीच चौकशी केलेली असावी.

दाखला घेऊन नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करा. प्रमाणपत्राच्या प्रती जास्त घ्या, बँक, विमा, पेन्शन सगळीकडे लागतात. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका, कुणा दुसऱ्या रुग्णाला परस्पर देऊही नका. मोजून, जिथून आणल्या तिथंच परत करा.

आणि एअर बेड तेराव्यापर्यंत अडकवून ठेवू नका. पुसून, उन्हात वाळवून, पंपासकट लवकर परत करा. आम्ही चौथ्या दिवशी साहित्य केंद्रात गेलो तेव्हा कोरेगावकडचा एक मुलगा टेम्पो घेऊन तिथं थांबला होता, सकाळपासून. आमची अनामत मोजून होईपर्यंत त्यानं आमचा बेड उचलून टेम्पोत घातलाही होता. दादानं त्याला थांबवलं आणि वर पातळ चादर एकच घालायची, हे समजावून सांगितलं.